गाडी आहे, पण माणूस कोठें आहे?

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. थांब्यावरील रांग वाढत चालली आहे. कोणाला कचेरी गांठावयाची आहे, कोणाला मुलीला शाळेंत पोंचवावयाचें आहे, कोणाच्या हातांत रुग्णालयांत न्यावयाचा डबा आहे. ठरलेल्या वेळेची गाडी येत नाहीं. दहा मिनिटांनीं पुढची येते, ती इतकी भरलेली कीं, थांबतच नाहीं. मग रांगेंतील मंडळी तर्क चालवूं लागतात. एक म्हणतो, यंत्र बिघडलें असेल. दुसरा म्हणतो, वाटेंत गर्दी असेल. तिसरा व्यवस्थापकांच्या नांवानें बोटें मोडतो. परंतु पुष्कळदां खरें कारण या तिन्ही तर्कांच्या बाहेर असतें. गाडी डेपोंत उभी असते. ती धुऊन-पुसून सज्ज असते, तिच्यांत तेलहि भरलेलें असतें. नसतो तो फक्त ती चालविणारा माणूस.

रस्ते, पूल, गाड्या आणि भाडें यांविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें जातें. गाडीवर बसणारा माणूस मिळवावा कसा आणि मिळालेला टिकवावा कसा, या प्रश्नाकडे मात्र तो संपावर गेल्याखेरीज सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. लंडन शहराला १९४५ नंतरचीं पंचवीस वर्षें या प्रश्नानें सळो कीं पळो करून सोडलें होतें. त्या शहराची हकीकत पाहिली म्हणजे प्रश्नाचें स्वरूप उलगडतें, आणि आपल्या घरच्या प्रश्नावरहि कांहीं प्रकाश पडतो.

प्रथम या धंद्याची घडण लक्षांत घ्यावयास हवी. कापडाची गिरणी रात्रीं विणलेलें कापड सकाळीं विकूं शकते. बसगाडीला तसें करतां येत नाहीं. दुपारीं रिकामी धांवलेली जागा सायंकाळच्या गर्दीसाठीं साठवून ठेवण्याची सोय नाहीं. प्रवास ज्या घटकेला हवा, त्याच घटकेला तो निर्माण करावा लागतो. कारकून एक दिवस आला नाहीं, तर त्याचा कागद उद्यांपर्यंत वाट पाहतो. ड्रायव्हर आला नाहीं, तर ती खेप कायमची नाहींशी होते. म्हणून प्रत्येक डेपोंत नेहमींच्या माणसांखेरीज कांहीं राखीव माणसें ठेवावीं लागतात, आणि चणचण सुरू झाली कीं, पहिली झीज याच राखीव माणसांना लागते.

दुसरी अडचण गर्दीच्या वेळांची. समजा, एका डेपोंतून सकाळीं व सायंकाळीं शंभर गाड्या सोडाव्या लागतात आणि दुपारीं साठच पुरतात. उरलेल्या चाळीस गाड्या दुपारीं उभ्या करून ठेवणें सोपें आहे. पण त्यांवरील माणसांचें काय करावें? त्यांना सकाळीं साडेसहा ते साडेदहा व पुन्हां दुपारीं चार ते रात्रीं आठ असें काम द्यावें, हा उपाय हिशेबाच्या वहींत मोठा सुबक दिसतो. कामाचे तास आठच भरतात. परंतु तो माणूस सकाळीं साडेपांचला घर सोडतो, तो रात्रीं नऊ वाजतां परत येतो. मधल्या साडेपांच तासांत दूरच्या उपनगरांतील घरीं जाऊन येणें परवडत नाहीं. ते डेपोंतील बांकावर काढावे लागतात. वेतन आठ तासांचें मिळतें, आयुष्यांतून मात्र साडेपंधरा तास वजा होतात. मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, शेजाऱ्याकडील मंगलकार्य या सर्वांना तो माणूस पारखा होतो. दिवाळीच्या दिवशीं सारें शहर ज्या गाडीनें आप्तांकडे जातें, ती गाडी चालविणाऱ्याला त्या दिवशीं आप्तांकडे जातां येत नाहीं. पहाटेच्या पहिल्या गाडीनें कामावर जाणारे पुष्कळ असतात. पण ती गाडी काढणाऱ्यानें डेपोंत यावें तें कोणत्या गाडीनें?

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं लंडनमध्यें हे सारे कष्ट असूनहि या नोकरीसाठीं माणसांची वाण नव्हती. १९३३ सालीं तेथील बस, ट्रॅम व बहुतेक भुयारी रेल्वे एका सार्वजनिक मंडळाच्या हातीं आल्या. तो काळ बेकारीचा होता. अशा वेळीं ज्याला बसवर नोकरी मिळे, त्याला दर आठवड्याला खात्रीचे पैसे मिळत, अंगावर गणवेश चढे आणि गल्लींत चार लोक त्याला मानानें वागवीत. युद्ध संपलें आणि चित्र पालटलें. कारखाने जोरानें चालूं लागले. त्यांना माणसें हवीं होतीं. तेथें वेतन बरें, काम दिवसाचें आणि शनिवार-रविवारीं घरीं राहण्याची मुभा. बसची नोकरी होती तशीच होती. पण आतां तिच्याशेजारीं तिच्याहून बरी नोकरी येऊन उभी राहिली. एखाद्या कामाचें आकर्षण त्या कामावरच अवलंबून नसतें, आसपास आणखी काय मिळूं शकतें यावरहि तें ठरतें, हा धडा लंडनला फार महाग पडला.

माणसांची वाण पडतांच प्रथम स्त्रियांची आठवण होते, हा अनुभव त्या शहराला नवा नव्हता. पहिल्या महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेले, तेव्हां नोव्हेंबर १९१५ पासून लंडनच्या बसवर स्त्रिया कंडक्टर म्हणून दिसूं लागल्या. त्यांनीं काम चोख केलें. पण पुरुषांना दिलेला आठवड्याचा पांच शिलिंगांचा युद्धभत्ता त्यांना नाकारण्यांत आला; तेव्हां ऑगस्ट १९१८ मध्यें त्यांनीं संप केला आणि तो भत्ता पदरांत पाडून घेतला. युद्ध संपतांच त्यांच्या जागा परत आलेल्या पुरुषांना देण्यांत आल्या. दुसऱ्या महायुद्धांत पुन्हां तेंच बोलावणें आलें. मात्र लंडनच्या बसचें चक्र स्त्रीच्या हातीं येण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. एकीकडे माणसें मिळत नाहींत म्हणून गाड्या उभ्या ठेवावयाच्या, आणि दुसरीकडे निम्म्या प्रजेला चालकाच्या जागेजवळ फिरकूं द्यावयाचें नाहीं, ही विसंगति कित्येक वर्षें कोणाला खुपली नाहीं.

स्त्रियांनंतर दृष्टि समुद्रापलीकडे गेली. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस या बेटाचें नांव आपल्याकडे क्रिकेटमुळें घरोघरीं ठाऊक आहे. तें त्या वेळीं ब्रिटिश वसाहत होतें. जमीन थोडी, लोकवस्ती दाट आणि काम दुर्मिळ. १९५६ सालीं लंडनच्या वाहतूक-खात्यानें बार्बाडोस सरकारशीं बोलणें करून तेथेंच नोकरभरतीस आरंभ केला. उमेदवारांचें वाचन, लेखन व अंकगणित तपासलें जाई, वैद्यकीय तपासणी होई, आणि निवड झालेल्यांना प्रवासखर्चासाठीं बार्बाडोस सरकार कर्ज देई. तें कर्ज पुढें वेतनांतून फेडावयाचें असे. कोणी बसचे कंडक्टर झाले, कोणी स्थानकावरील हमाल व तिकिटें तपासणारे, कोणी उपाहारगृहांतील सेवक. १९६६ पासून त्रिनिदाद व जमेका येथूनहि भरती झाली. १९७० सालीं ती थांबली, तोंवर हजारों माणसें या वाटेनें लंडनला आलीं होतीं. विशेष म्हणजे लंडनचें जणूं बोधचिन्हच ठरलेली ती ‘रूटमास्टर’ नांवाची लाल दुमजली गाडी त्याच १९५६ सालीं रस्त्यावर आली. जग त्या गाडीचीं चित्रें जमवीत राहिलें. ती चालती ठेवणाऱ्या, उन्हाच्या देशांतून धुक्यांत आलेल्या माणसांकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं. भाड्याची खोली मिळविण्यासाठीं त्यांना दारोदार नकार ऐकावे लागत. पहाटे चारला उठून बर्फांतून डेपो गांठावा लागे.

परक्या माणसांना बोलावण्यांत एक मोठा अडथळा घरांतूनच आला, आणि त्याचें स्वरूप समजून घेण्यासारखें आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल या शहरांत बसवर माणसें कमी होतीं. तरी तेथील कंपनी काळ्या वा आशियाई माणसाला ड्रायव्हर किंवा कंडक्टर म्हणून घेत नसे. १९५५ सालीं तेथील कामगार-संघाच्या वाहतूक-शाखेनें तसा ठरावच केला होता. वर्णद्वेष हें त्याचें एक कारण खरेंच. पण त्याला हिशेबाचीहि जोड होती. मूळ वेतन अपुरें असल्यामुळें ड्रायव्हर-कंडक्टर जादा तासांच्या कमाईवर घर चालवीत. नवी माणसें आलीं तर जादा तास जातील, ही भीति त्यांच्या मनांत घर करून होती. म्हणजे चणचण हीच त्यांची मिळकत झाली होती. १९६३ च्या एप्रिलअखेर त्या शहरांतील वेस्ट इंडियन रहिवाशांनीं बसवर बहिष्कार पुकारला. कित्येक विद्यार्थी, नागरिक व पुढारी त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. चार महिन्यांनीं, २८ ऑगस्ट १९६३ रोजीं कंपनीनें ही बंदी उठविल्याचें जाहीर केलें, आणि सप्टेंबरांत त्या बंदीनंतरचा पहिला गौरेतर कंडक्टर गाडीवर चढला. तो भारतीय वंशाचा शीख होता.

ब्रिस्टलची ही गोष्ट वर्णभेदाच्या इतिहासांत मोलाची आहेच. नोकरभरतीच्या दृष्टीनेंहि ती तितकीच बोधप्रद आहे. मूळ वेतन कमी ठेवून जादा कामाचे पैसे देणें व्यवस्थापकाला तात्पुरतें सोयीचें वाटतें. परंतु त्यामुळें बाहेरच्या माणसाला नोकरी हलकी दिसते, म्हणून तो येत नाहीं. आंतला माणूस दमतो, आजारी पडतो, आणि तरीहि नवा सोबती नको म्हणतो. उपाय म्हणून लावलेलें ठिगळच वस्त्र फाडूं लागतें.

माणूस मिळविणें ही अर्धी गोष्ट. तो टिकविणें ही उरलेली अर्धी. गळक्या रांजणांत कितीहि घागरी ओतल्या तरी तो भरत नाहीं. १९५८ च्या मे महिन्यांत लंडनच्या बसकामगारांनीं वेतनवाढीसाठीं संप केला. तो सात आठवडे चालला. मिळालें तें अपेक्षेहून फार थोडें, आणि त्या अवधींत कित्येक उतारूंनीं दुसऱ्या वाटा शोधल्या. संपानंतर खेपा कमी करण्यांत आल्या. खेपा कमी झाल्या कीं, थांब्यावर ताटकळणें वाढतें. ताटकळलेला उतारू स्वतःची मोटार घेतो. मोटारी वाढल्या कीं, रस्ता तुंबतो. तुंबलेल्या रस्त्यांत बस रखडते. रखडलेल्या बसवरील कंडक्टरला उतारूंच्या शिव्या खाव्या लागतात, आणि तो नोकरी सोडतो. मग आणखी खेपा कमी होतात. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे तें थांबविण्यास नुसती जाहिरात पुरत नाहीं. १९६३ सालीं सरकारनें प्रोफेसर हेन्री फेल्प्स ब्राउन यांच्या अध्यक्षतेखालीं लंडनच्या बसकामगारांचें वेतन व कामाची स्थिति तपासण्यासाठीं समिति नेमली. गाड्यांवर माणसें आणावयाचीं तर वेतन वाढविलें पाहिजे, असा त्या समितीचा निर्वाळा पडला.

परंतु वेतनानें सर्वच कष्टांची भरपाई होत नाहीं, याचा एक पुरावा त्याच सुमारास वैद्यकशास्त्रानें पुढें आणला होता. डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडनच्या वाहतूक-खात्यांतील सुमारें ३१,००० पुरुषांची पाहणी केली व १९५३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हर व कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच रस्त्यानें, एकाच वेळीं काम करीत. तरी हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला आणि कंडक्टरांत कमी. कंडक्टर दिवसभर दुमजली गाडीचा जिना चढे-उतरे. ड्रायव्हर एका जागीं बसून असे. पुढें गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां ड्रायव्हरांचे कमरेचे घेर अधिक असल्याचेंहि दिसून आलें. शारीरिक हालचालीचें आरोग्याशीं असलेलें नातें जगाला पटविणाऱ्या आरंभींच्या मोठ्या पाहण्यांत हिची गणना होते. बसच्या ड्रायव्हराचें आसन हें वरवर पाहतां आरामाचें दिसलें, तरी शरीरावर तें काय परिणाम करतें, हें त्या आंकड्यांनीं दाखविलें.

अखेरीस लंडननें तिसरा मार्ग धरला. माणसें मिळत नाहींत, तर माणसांची गरजच कमी करावी. कंडक्टर काढावा आणि तिकिटाचें काम ड्रायव्हरनेंच करावें. १९६० नंतर हा क्रम हळूहळू वाढत गेला, आणि डिसेंबर २००५ मध्यें ‘रूटमास्टर’ गाडी नेहमींच्या मार्गांवरून निवृत्त झाली. वेतनाचा खर्च वांचला. मात्र प्रत्येक थांब्यावर उतारू एकेक करून ड्रायव्हरपुढून जाऊं लागल्यामुळें गाडीला वेळ अधिक लागूं लागला. तिकीट, सुटे पैसे, तक्रार, भांडण, रस्ता आणि घड्याळ हीं सर्व ओझीं एकाच माणसाच्या डोक्यावर आलीं. कंडक्टरांची चणचण मिटली; ड्रायव्हरांची उरली.

ही चणचण जुन्या काळांतच राहिली असेंहि नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील सार्वजनिक वाहतूक-संस्थांच्या संघटनेनें पाहणी केली, तेव्हां उत्तर देणाऱ्या संस्थांपैकीं ९६ टक्के संस्थांनीं आपल्याकडे माणसें कमी असल्याचें सांगितलें. तेथें पाळ्या ज्येष्ठतेनुसार निवडण्याची रीत आहे. वीस वर्षें नोकरी झालेला माणूस दिवसाची सरळ पाळी घेतो. काल लागलेल्याच्या वांट्याला रात्रीच्या, सुटीच्या दिवसांच्या आणि तुकड्यांच्या पाळ्या उरतात. ज्येष्ठाच्या दृष्टीनें ही रीत न्यायाची आहे, कारण त्यानेंहि ते दिवस भोगलेले असतात. परंतु तिचा परिणाम असा कीं, ज्याला टिकवून धरावयाचें त्यालाच संस्था आपलें सर्वांत कठोर रूप दाखविते. शिकवणीचा खर्च फिटण्यापूर्वींच तो निघून जातो.

आतां आपल्याकडे वळावें. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली, आणि पुढें ‘एस.टी.’ हीं दोन अक्षरें महाराष्ट्राच्या गांवोगांवीं घरच्यासारखीं झालीं. खेडेगांवांत मुक्कामाची गाडी रात्रीं येते व पहाटे निघते. तिच्या भरंवशावर मुलें तालुक्याच्या शाळेंत जातात, शेतकरी बाजार गांठतो. ती रात्र ड्रायव्हर व कंडक्टर कोठें काढतात, याची चौकशी उतारू क्वचितच करतो. ती बहुधा गाडींतल्या बांकांवर किंवा देवळाच्या ओसरीवर निघते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी.च्या कामगारांनीं महामंडळ शासनांत विलीन करावें या मागणीसाठीं काम थांबविलें. सुमारें नव्वद हजार माणसांची ही संस्था. तिचा संप साडेपांच महिन्यांहून अधिक लांबला. नोव्हेंबरांत शासनानें वेतनवाढ जाहीर केली. तिच्यांत दहा वर्षांच्या आंतील नोकरांच्या मूळ वेतनांत दरमहा ५,००० रुपयांची, तर वीस वर्षांवरील नोकरांच्या वेतनांत २,५०० रुपयांची भर होती. नव्या माणसाचें वेतन किती खालीं राहिलें होतें, याची ही एका परीनें कबुलीच होय. हजारों कामगार बडतर्फ झाले. शेवटीं उच्च न्यायालयानें ७ एप्रिल २०२२ रोजीं दिलेल्या निर्णयानुसार २२ एप्रिलपर्यंत कामगार परत रुजू झाले. मधल्या काळांत शाळेला मुकलेल्या मुलांचा हिशेब कोणत्याहि ताळेबंदांत आढळणार नाहीं.

मुंबईची वाट निराळी. तेथील ट्रॅम-बसचा कारभार ७ ऑगस्ट १९४७ रोजीं महानगरपालिकेच्या ताब्यांत आला, आणि ‘बेस्ट’ची नोकरी ही गिरणगांवांत व चाळींत मानाची समजली जाऊं लागली. पुढें तोटा वाढला. मग २०१९ च्या सुमारास कंत्राटदाराची गाडी व कंत्राटदाराचाच ड्रायव्हर अशा रीतीनें गाड्या भाड्यानें घेण्याचा क्रम वाढत गेला. गाडीचा रंग तोच, क्रमांक तोच, थांबे तेच; पण शेजारशेजारच्या दोन गाड्यांवरील ड्रायव्हरांचें वेतन व रजेचे हक्क निरनिराळे. ऑगस्ट २०२३ मध्यें या कंत्राटी कामगारांनीं वेतनवाढीसाठीं आठवडाभर काम बंद ठेवलें, तेव्हां शेंकडों गाड्या उभ्या राहिल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजीं कुर्ल्यांत भाड्याच्या विजेच्या गाडीचा भीषण अपघात होऊन निरपराध माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर, नव्या धर्तीच्या गाडीवर बसविण्यापूर्वीं ड्रायव्हरला किती दिवस शिकवावें, हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं झाला. जेथें माणूस आज येतो व उद्यां जातो, तेथें त्याच्या शिकवणीवर खर्च करण्याची इच्छा कोणाला होणार? ड्रायव्हरचा अनुभव ही उतारूच्या जिवाची ठेव असते. ती एका दिवसांत जमत नाहीं.

या सर्व हकीकतींतून निघणारे उपाय कांहीं गूढ नाहींत. मूळ वेतन असें असावें कीं, जादा तासांवांचून घर चालावें. तुकड्यांच्या पाळ्या शक्य तितक्या कमी कराव्या, आणि ज्या टळत नाहींत त्यांचा मोबदला वेगळा द्यावा. नव्या माणसावर पहिल्या वर्षींच सर्व कठीण पाळ्या लादूं नयेत. डेपोंत व शेवटच्या थांब्यावर स्वच्छ संडास, पिण्याचें पाणी व पाठ टेकण्यास जागा असावी. स्त्री-चालक व स्त्री-कंडक्टर यांना तर याची निकड अधिक आहे. हीं कामें पुलाच्या उद्घाटनाइतकीं डोळ्यांत भरत नाहींत, म्हणून तीं मागें पडतात.

यांपैकीं प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, हें खरें. भाडें स्वस्त असावें ही उतारूची इच्छा रास्त आहे, कारण स्वस्त गाडीवरच गरिबाची रोजी अवलंबून असते. पण स्वस्ताईची किंमत कोणीतरी देतच असतो. ती कररूपानें सर्व नागरिकांनीं मिळून दिली नाहीं, तर ती ड्रायव्हरच्या झोंपेंतून, त्याच्या मुलांच्या सहवासांतून आणि अखेर रांगेंत ताटकळणाऱ्या उतारूच्या वेळेंतून वसूल होते. थांब्यावर उभ्या असलेल्या मंडळींनीं यंत्राला व रस्त्याला दोष देण्यापूर्वीं हा जमाखर्च एकदां मांडून पाहावा. गाडी उशिरां कां आली, याचें उत्तर त्यांत पुष्कळ वेळां सांपडेल.